मेघमार्गानें येणारा कागद

आज ज्या विषयावर आपणांशीं चार शब्द बोलावयाचें योजिलें आहे, तो प्रथमदर्शनीं बराच रुक्ष वाटण्याचा संभव आहे. कचेरीच्या कोपऱ्यांत उभें असलेलें झेरॉक्सचें यंत्र, आणि जिला आज सर्वत्र 'क्लाउड' म्हणजे मेघ म्हणण्याचा प्रघात पडला आहे ती दूरस्थ संगणकांची व्यवस्था, या दोहोंची सोयरीक कशी जुळवावी, हा तो विषय होय. मुंबईच्या किंवा पुण्याच्या एकाद्या पेढीला हा प्रश्न केवळ सोयीचा वाटेल. कारण यंत्र अडलें तर तेथील मनुष्य जिना उतरून शेजारच्या दुकानांतून प्रत काढून आणतो आणि काम पुढें चालू होतें. परंतु चंद्रपूर व गडचिरोली या अरण्यमय जिल्ह्यांत तोच प्रश्न निराळें रूप धारण करतो. जिल्ह्याचें ठाणें गडचिरोली, तर सिरोंचा तेथून सुमारें दोनशें किलोमीटर दूर. पर्लकोटा नदीला पूर आला कीं भामरागडचा रस्ता बंद. अशा मुलखांत जातीच्या किंवा उत्पन्नाच्या दाखल्यासाठीं पहांटे गांव सोडून तालुक्याला आलेल्या मनुष्याला "आज प्रिंट निघत नाहीं, उद्यां या" असें सांगणें म्हणजे त्याची एक दिवसाची मजुरी आणि एस. टी.चें जाण्यायेण्याचें भाडें बुडविणें होय. यंत्राचा विचार करतांना हा मनुष्य आपल्या डोळ्यांसमोर असावा, एवढीच माझी प्रारंभीं विनंती आहे.

नक्कल करणें ही राज्यकारभाराची फार जुनी गरज आहे. पूर्वीं कचेऱ्यांतून नकलनवीस बसत आणि बोरूनें किंवा टांकानें शब्दास शब्द उतरून काढीत. पुढें कार्बनचा कागद आला, सायक्लोस्टाइलचें यंत्र आलें. परंतु पुढें असलेल्या कागदाची हुबेहूब प्रतिमा क्षणांत उठविण्याची युक्ति सांपडली ती मात्र नकला करण्याच्या कंटाळ्यांतूनच. न्यूयॉर्क येथें एका उद्योगसंस्थेच्या पेटंट खात्यांत काम करणारे चेस्टर कार्लसन यांना लेखांच्या व आकृत्यांच्या प्रतींची सदैव वाण पडे. त्यांनीं ऑटो कॉर्नाइ या साहाय्यकासह, जस्ताच्या पत्र्यावर गंधकाचा थर देऊन, घासून त्यावर विद्युद्भार आणून आणि मग प्रकाशाची योजना करून, २२ ऑक्टोबर १९३८ रोजीं ॲस्टोरिया या वस्तींत पहिली कोरडी प्रत काढली. त्या प्रतीवर त्या दिवसाची तारीख आणि त्या स्थळाचें नांव एवढाच मजकूर होता. या शोधावर उभारलेलें, कचेरींत सहज वापरतां येईल असें यंत्र बाजारांत येण्यास १९५९ साल उजाडलें. ज्या कंपनीनें तें आणलें तिचें नांवच मराठींत त्या क्रियेचें नांव होऊन बसलें, आणि आज अहेरीच्या बाजारांतला दुकानदारही आपल्या पाटीवर 'झेरॉक्स' असेंच लिहितो.

या यंत्राच्या पोटांत जाणाऱ्या कागदाशीं तर या दोन जिल्ह्यांचा अगदीं निकटचा संबंध आहे. २६ ऑगस्ट १९८२ रोजीं गडचिरोली हा निराळा जिल्हा झाला. तत्पूर्वीं हें सारें अरण्य चंद्रपूर जिल्ह्यांतच मोडत असे. बल्लारपूर येथील कागदाच्या कारखान्याची कंपनी १९४५ सालीं स्थापन झाली, आणि या रानांतील बांबू तेथें वर्षानुवर्षें लगदा होऊन कागदाच्या रूपानें देशभर गेला. ज्या रानानें कागदाला बांबू पुरविला, त्याच रानांतल्या मनुष्याला स्वतःच्या नांवाचा एक छापील कागद मिळविण्यासाठीं दोन दोन खेपा घालाव्या लागाव्यात, ही विसंगति विचार करण्यासारखी आहे.

पहिल्या पिढीचें झेरॉक्स यंत्र एकलकोंडें होतें. कांचेवर कागद पालथा ठेवावा, बटण दाबावें आणि प्रत उचलावी. वीज, टोनर आणि कागद एवढें मिळालें कीं बाहेरच्या जगाशीं त्याला कांहीं कर्तव्य नसे. आजचें कचेरींतील यंत्र हें निम्मेंअर्धें संगणकच असतें. त्याला स्मृति असते, घड्याळ असतें, संगणकांच्या जाळ्यांत स्वतःचा पत्ता असतो. तें प्रत काढतें, संगणकावरचा मजकूर छापतें, आणि कागद स्कॅन करून ई-मेलनें दूरगांवीं पाठवितें. अंगीं इतके गुण आले म्हणजे त्यांबरोबर परावलंबनही येतें; आणि तें किती पत्करावें हाच आजचा प्रश्न आहे.

आतां मेघमार्गानें छपाई म्हणजे काय तें पाहूं. नेहमींच्या रीतींत टेबलावरील संगणक त्याच खोलींतील यंत्राला सरळ आज्ञा देतो. मेघमार्गांत ती आज्ञा, छापावयाच्या मजकुरासह, प्रथम कूटरूप होऊन दूरच्या एकाद्या सर्व्हरकडे जाते. आज्ञा देणारा कोण आहे, त्याला कोणत्या यंत्रावर छापण्याचा अधिकार आहे, याची तेथें शहानिशा होते आणि काम रांगेंत लागतें. मग कचेरींतील यंत्र स्वतः होऊन त्या सर्व्हरला 'माझ्यासाठीं कांहीं काम आहे काय' असें वेळोवेळीं विचारतें, आणि असल्यास तें उतरून घेतें. बाहेरच्यानें कचेरींत शिरावयाचें नाहीं, कचेरींतल्यानेंच बाहेर जाऊन विचारावयाचें, हा त्यांतील दंडक सुरक्षिततेसाठीं घातलेला आहे. छपाई पार पडली कीं यंत्र तसा निरोप परत धाडतें.

मेघानें निरोप न्यावा ही कल्पना विदर्भाला नवी नाहीं. कालिदासाच्या यक्षाचा रामगिरि म्हणजे आपलें रामटेकच, असें अनेक विद्वान् मानतात. परंतु यक्षाचा मेघ निरोप घेऊन गेला तो गेला. तो अलकेंत पोंचल्याची पावती कांहीं यक्षाच्या हातीं पडत नाहीं. काव्याला तें शोभून दिसतें. कचेरीला मात्र पावतीवांचून भागत नाहीं. भारत सरकारनें २०१४ सालीं सुरू केलेल्या आपल्या मेघव्यवस्थेला 'मेघराज' असें नांव दिलें आहे, आणि राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राचीं मोठीं संगणकगृहें दिल्ली, पुणें, हैदराबाद व भुवनेश्वर येथें आहेत. म्हणजे आपला मेघ आकाशांत नसून तो कोठल्या तरी शहरांतील थंड केलेल्या इमारतींत असतो, आणि एटापल्लीपासून तेथपर्यंतचा मार्ग तारांवरून, टॉवरांवरून, रानांतून आणि नद्यांवरून जातो. तो मार्ग एका ठिकाणीं तुटला तरी सारा तुटतो.

असें असलें तरी या व्यवस्थेचे लाभ खरे आहेत, आणि ते नाकारणें अन्यायाचें होईल. गडचिरोली जिल्ह्यांत बारा तालुके आणि चंद्रपूर जिल्ह्यांत पंधरा. प्रत्येक ठिकाणचें यंत्र निराळ्या कंपनीचें, निराळ्या वयाचें. पूर्वीं प्रत्येक संगणकांत प्रत्येक यंत्राचा 'ड्रायव्हर' म्हणजे त्या यंत्राची भाषा जाणणारा दुभाष्या निराळा बसवावा लागे. संगणक बदलला कीं पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. मेघमार्गांत हा दुभाष्या एकाच जागीं राहतो. जिल्ह्याच्या ठाण्यांत बसलेला एक जाणकार मनुष्य कोरचीपासून सिरोंच्यापर्यंतच्या यंत्रांची स्थिति आपल्या पडद्यावर पाहूं शकतो. कोठें टोनर संपत आला, कोठें कागद अडकला, हें त्याला तेथें न जातां कळतें. जिल्हाधिकारी कार्यालयांतून निघालेला आदेश तालुक्याच्या यंत्रावर थेट उमटूं शकतो, आणि फिरतीवर असलेला कर्मचारी आपल्या भ्रमणध्वनीवरून कचेरींतल्या यंत्राला काम सांगूं शकतो. अंतरें जेथें मोठीं तेथें ही सोय लहान नव्हे.

मग घोंटाळा कोठें होतो? माझ्या मतें तो दोन मेघांची गल्लत केल्यानें होतो. दाखल्याचाच विचार करा. तो दाखला राज्याच्या सर्व्हरवर तयार होतो, अधिकाऱ्याची डिजिटल स्वाक्षरी त्यावर उमटते, आणि केंद्राचा चालक तो आपल्या संगणकावर उतरून घेतो. हा पहिला मेघ. त्याला पर्याय नाहीं. कारण दाखल्याचें प्रामाण्यच तेथून येतें, आणि छापील दाखल्यावरील क्रमांक घालून त्याची पडताळणीही तेथेंच करावयाची असते. परंतु तो दाखला एकदां खोलींतल्या संगणकावर आल्यावर, तीन हातांवर उभ्या असलेल्या यंत्राकडे जाण्यासाठीं तो पुन्हा दुसऱ्या एकाद्या दूरच्या सर्व्हरला वळसा घालून यावा, याला काय कारण? सर्व्हर दूर असल्याचें दुःख एकदां सोसावें लागतें तें ठीक; तें दोनदां सोसण्याची व्यवस्था आपण होऊन करूं नये. ज्या कामांत अंतर आहे तें काम मेघाकडे द्यावें, आणि ज्या कामांत अंतर नाहीं तें खोलींतल्या खोलींत करावें, हा या विषयांतील पहिला आणि माझ्या दृष्टीनें सर्वांत महत्त्वाचा नियम होय.

याच्या पुढच्या अडचणी बारीक आहेत, पण काम अडविण्यास त्या पुरेशा होतात. जुन्या यंत्रांना मेघाशीं स्वतः बोलतां येत नाहीं. त्यांच्यासाठीं कचेरींतील एका संगणकावर 'कनेक्टर' नांवाची मध्यस्थ प्रणाली बसवावी लागते. हा संगणक सदा जागा असला पाहिजे. सायंकाळीं दिवे मालवतांना कोणी काटकसरी शिपाई तो बंद करून गेला, किंवा वीज जाऊन आल्यावर तो पुन्हा सुरू झाला नाहीं, तर सकाळीं सर्व कामें रांगेंत तुंबलेलीं असतात आणि यंत्र मात्र सर्वतोपरी निरोगी दिसतें. म्हणून मध्यस्थ संगणकावर ठळक अक्षरांत चिठ्ठी लावावी, त्याला यू.पी.एस.ची जोड द्यावी, आणि वीज येतांच तो आपोआप सुरू होईल अशी तजवीज करावी.

दुसरी अडचण घड्याळाची, आणि ती तर कोणाच्या ध्यानींमनींही नसते. यंत्र आणि सर्व्हर यांची ओळख पटते ती मुदतीच्या प्रमाणपत्रांवरून. वीज वारंवार जाऊन आंतील बॅटरी क्षीण झाली कीं यंत्राचें घड्याळ कांहीं वर्षें मागें पडतें. आणि मग त्याच्या दृष्टीनें सर्व्हरचें प्रमाणपत्र अजून अंमलांत आलेलेंच नसतें. तें संवाद नाकारतें. कारकून टोनर बदलतो, तार काढून घालतो, कंपनीच्या माणसाला फोन करतो. आणि दोष असतो तो केवळ तारखेचा. त्याचप्रमाणें फार जुन्या यंत्रांना आजच्या कूटलेखनाची रीतच ठाऊक नसते. अशा यंत्राची अंतर्गत प्रणाली कंपनीकडून नवी करून घ्यावी, आणि ती मिळत नसेल तर त्याला मेघाच्या वाटेस न लावतां जागच्या जागीं छापण्याचें काम द्यावें.

तिसरी अडचण निसर्गाची. चंद्रपुरास मे महिन्यांत पारा ४५ अंशांच्या वर चढणें हें नवलाचें नाहीं, आणि पावसाळ्यांत हवा ओलीनें भरलेली असते. कागद ओल शोषतो. मग पानें एकमेकांस चिकटून दोन दोन एकदम ओढलीं जातात, कडा वळतात, आणि टोनरची पूड नीट भाजली न जातां बोटाला लागते. रीमचें वेष्टण फोडल्यावर उरलेला कागद पुन्हा बांधून ठेवावा, यंत्राच्या ताटलींत एका दिवसापुरताच कागद घालावा, ही साधी दक्षता येथें कोणत्याही मेघसेवेपेक्षां अधिक फल देते. कागदाच्या मापाचेंही तसेंच आहे. परदेशांत रचलेल्या कित्येक सेवा 'लेटर' हें अमेरिकन माप गृहीत धरतात. आपल्या यंत्रांत ए-फोर कागद असतो. यंत्र नसलेला कागद मागत मुकाट उभें राहतें, आणि आपण दोष मात्र नेटला देतों.

आतां ज्या अडचणीकडे मी आपलें विशेष लक्ष वेधूं इच्छितों ती अक्षरांची आहे. आपल्या कचेऱ्यांतून मराठी मजकूर दोन प्रकारांनीं लिहिलेला आढळतो. जुन्या प्रकारांत श्री-लिपि, कृतिदेव, डीव्हीबी-सुरेख यांसारखे फाँट असत. त्यांत पडद्यावर मराठी अक्षर दिसलें तरी आंत खूण असते ती रोमन अक्षराची. तो फाँट जेथें नाहीं तेथें तोच मजकूर अर्थहीन रोमन अक्षरांचा ढीग होऊन बाहेर पडतो. नव्या म्हणजे युनिकोडच्या प्रकारांत प्रत्येक मराठी अक्षराला जगभर मान्य असा स्वतःचा क्रमांक आहे. परंतु जोडाक्षर जोडणें, रफार योग्य जागीं चढविणें, ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाच्या आधीं आणणें, हीं कामें मजकूर उमटतांना करावयाचीं असतात. जेथें मजकुराचें छापील पान तयार होतें तो सर्व्हर यांत कच्चा असला तर अक्षरें फुटतात. 'आत्राम' या आडनांवांतला 'त्र' फुटला, 'कुमरे' याचा उकार दुसऱ्या अक्षराखालीं सरकला, कीं तो कागद शाळेंत किंवा बँकेंत दुसऱ्या कागदाशीं जुळत नाहीं, आणि मग नांवदुरुस्तीसाठीं पुन्हा तीच पायपीट सुरू होते. छापखान्याची चूक वाचक हंसून सोडून देतो. दाखल्यांतील चूक मनुष्याला वर्षभर पुरते.

गडचिरोलींत तर हा प्रश्न केवळ मराठीपुरता नाहीं. सिरोंच्याकडे तेलुगु बोलणारे आहेत, मुलचेरा व चामोर्शी भागांत बंगाली वस्ती आहे, आणि गोंडी व माडिया बोलणारे तर सर्वत्र आहेत. गोंडीच्या लिपींपैकीं मसराम गोंडी लिपीला २०१७ सालीं आणि गुंजाला गोंडी लिपीला २०१८ सालीं युनिकोडमध्यें स्थान मिळालें. परंतु क्रमांक मिळणें निराळें आणि प्रत्येक यंत्रांतून तें अक्षर अभंग उतरणें निराळें. यावर उपाय एकच, आणि तो सोपा आहे. मजकूर यंत्राकडे धाडण्यापूर्वींच त्याची पीडीएफ आपल्या संगणकावर करावी, ती करतांना फाँट तिच्या पोटांतच बसवावे, आणि मगच ती पाठवावी. अशानें अक्षरांचा सांधा जुळतो तो आपल्या डोळ्यांदेखत, परक्याच्या घरीं नव्हे.

येथवर आपण यंत्राच्या दोषांचा विचार केला. आतां सेवेच्या आयुष्याचा करूं. गूगल कंपनीनें २०१० सालीं 'क्लाउड प्रिंट' नांवाची सेवा जाहीर केली. जगांतील असंख्य शाळा व कचेऱ्या तिच्यावर विसंबल्या. ती अखेरपर्यंत 'प्रायोगिक' या बिरुदाखालींच चालली आणि ३१ डिसेंबर २०२० रोजीं बंद झाली. तिच्यासाठीं मुद्दाम घेतलेलीं यंत्रें मोडलीं नव्हतीं, झिजलीं नव्हतीं. त्यांना बोलावयास कोणी उरलें नाहीं इतकेंच. मार्च २०२१ मध्यें मायक्रोसॉफ्टची 'युनिव्हर्सल प्रिंट' ही सेवा सर्वांसाठीं खुली झाली. ती वर्गणीची आहे, आणि दरमहा किती कामें छापावीं याला वर्गणीप्रमाणें मर्यादा आहे. स्कॅन करून ई-मेलनें पाठविण्याच्या सोयीचेंही असेंच झालें. ३० मे २०२२ पासून गूगलनें व्यक्तिगत खात्यांत केवळ नांव व नेहमींचा पासवर्ड देऊन शिरण्याची बाहेरच्या उपकरणांची मुभा काढून घेतली, आणि यंत्रासाठीं निराळा पासवर्ड घेणें भाग पडलें. सुरक्षेच्या दृष्टीनें तें योग्यच होतें. परंतु दूर कोठें तरी झालेल्या निर्णयानें आपल्या खोलींतलें यंत्र एका सकाळीं मुकें होऊं शकतें, हा धडा त्यांतून घ्यावयाचा.

या अनिश्चिततेंतून सुटण्याचा मार्ग म्हणजे कोणा एका कंपनीच्या मालकीची नसलेली भाषा बोलणारें यंत्र निवडणें. अशी भाषा आहे. तिला 'इंटरनेट प्रिंटिंग प्रोटोकॉल', संक्षेपानें आयपीपी म्हणतात. तिची पहिली आवृत्ति १९९९ सालीं प्रसिद्ध झाली, आणि निरनिराळ्या उत्पादकांनीं मिळून तिची पुढें वाढ केली. ॲपलची २०१० सालची 'एअरप्रिंट', २०१३ सालीं कॅनन, एचपी, सॅमसंग व झेरॉक्स यांनीं एकत्र येऊन काढलेली 'मोप्रिया' संघटना, हीं याच कुळांतलीं. या भाषेचा मोठा गुण असा कीं ती मेघमार्गानेंही चालते आणि मेघावांचून खोलींतल्या जाळ्यावरही चालते. बाहेरचें नेट संपूर्ण बंद असतां, त्याच खोलींतला संगणक किंवा भ्रमणध्वनि अशा यंत्रावर निर्वेधपणें छापूं शकतो. सरकारी खात्यानें किंवा सहकारी संस्थेनें यंत्र खरेदी करतांना मिनिटाला किती पानें निघतात हें अवश्य विचारावें. पण त्याच्याही आधीं, तें कोणत्या भाषा बोलतें आणि नेट नसतां तें काय करूं शकतें, हें विचारावें.

आणखी एक गोष्ट गृहस्थाश्रमी श्रोत्यांच्याही उपयोगाची आहे. आजच्या मोठ्या यंत्रांपैकीं पुष्कळांत स्मृतीची तबकडी असते आणि छापलेल्या कागदांच्या प्रतिमा तींत मागें राहूं शकतात. न्यूयॉर्क येथील ॲफिनिटी हेल्थ प्लॅन या आरोग्यविमा संस्थेनें भाड्यानें घेतलेलीं यंत्रें आंतील तबकड्या न पुसतां परत केलीं. रोग्यांची खासगी माहिती त्यांत तशीच राहिली, आणि २०१३ सालीं तिला बारा लाख डॉलरांहून अधिक रक्कम भरावी लागली. आपल्याकडेही डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम २०२३ सालीं संमत झाला आहे. तेव्हां यंत्र परत करतांना किंवा भंगारांत देतांना त्याची स्मृति पुसून घेतल्याचा लेखी दाखला घ्यावा. दैनंदिन व्यवहारांत, कागद यंत्रांतून तत्काळ बाहेर न टाकतां, मालकानें यंत्रापाशीं येऊन आपला गुप्त अंक दाबल्यावरच तो निघावा, अशी सोय मेघसेवांतून मिळते. तिचा उपयोग करावा. व्हरांड्यांत ठेवलेल्या यंत्रावर कोणाचें आजारपण, कोणाची पोटगी, कोणाची जमीन उघडी पडून राहणें हें कोणत्याही सुसंस्कृत कचेरीला शोभणारें नाहीं.

हें सर्व ऐकून कोणी म्हणेल कीं आतां कागदाचेंच दिवस सरले. डिजिलॉकर २०१५ पासून आहे, डिजिटल सही कायद्यानें मान्य आहे, मग छपाईची एवढी चिंता कशाला? या प्रश्नाला धानोरा तालुक्यांतील मेंढा (लेखा) या गांवाचा इतिहास उत्तर देतो. वनहक्क कायदा २००६ चा. त्याखालीं २००९ सालीं या गांवाला सुमारें १,८०० हेक्टर वनावर सामूहिक हक्क मिळाला. हक्क मिळाला, बांबू उभा होता, विकत घेणारेही होते. परंतु वाहतुकीचा परवाना देण्याचें पुस्तक गांवाजवळ नव्हतें, आणि परवान्यावांचून बांबू रानाबाहेर जाऊं शकत नव्हता. २७ एप्रिल २०११ रोजीं त्या वेळचे केंद्रीय वन व पर्यावरण मंत्री जयराम रमेश यांनीं गांवांत येऊन तें पुस्तक ग्रामसभेच्या हातीं दिलें, तेव्हां हक्काला हात-पाय फुटले. चार छापील पानांचें तें पुस्तक नागपुरास असतें तर निरुपयोगी होतें. गांवांत आलें म्हणून तें सामर्थ्य झालें. हक्क कोठेंही नोंदलेला असो, त्याचा पुरावा जेथें लागतो तेथें आणि लागेल त्या वेळीं हातांत पडला पाहिजे. ज्याच्याजवळ भ्रमणध्वनि नाहीं, किंवा असून त्याला रेंज नाहीं, त्याच्यासाठीं कागद हा अजूनही सर्वांत भरंवशाचा पडदा आहे.

आतां समारोप करतों. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ या कायद्यानें अधिसूचित सेवा ठराविक मुदतींत मिळण्याचा हक्क नागरिकाला दिला आहे. त्या मुदतीचा शेवटचा टप्पा पुष्कळदां कोपऱ्यांतल्या या यंत्रापाशीं येऊन पोंचतो. श्रोत्यांपैकीं अनेकजण मुंबई, पुणें, नागपूर येथील कार्यालयांतून अशा व्यवस्थांविषयीं निर्णय घेत असतील. कोणी निविदा लिहीत असतील, कोणी तपासत असतील. तेथें नेट कधीं जात नाहीं, आणि म्हणूनच तेथें बसून घेतलेला निर्णय भामरागडच्या श्रावणांत टिकेलच असें नाहीं. त्यांना मी एकच परीक्षा सुचवितों. यंत्र बसवून झालें, मेघाशीं जोडून झालें, नमुन्याचीं पानें सुरेख निघालीं, कीं बिलावर सही करण्यापूर्वीं नेटची तार काढावी आणि आधीं उतरून ठेवलेला एक मराठी दाखला छापून पाहावा. पान निघालें, आणि त्यावरील जोडाक्षरें शाबूत असलीं, तर ती व्यवस्था पत्करावी. न निघालें तर ती कितीही आधुनिक असो, परत पाठवावी. मेघ येतात आणि जातात, दुपारच्या एस. टी.नें परत जाणाऱ्या मनुष्याच्या हातांत मात्र त्याचा कागद त्याच दिवशीं पडला पाहिजे.